घट्ट बसणारे सेल

मंगळवार, ४ तारीख

आणि तरीही माझं म्हणणं तेच आहे, की चूक सेलची नाही. असलीच तर केसभर. काल जेवताना आई म्हणाली, घरातल्या धडधाकट चालणाऱ्या वस्तूंच्या मागे मी हात धुऊन लागलेय. मी ऐकून घेतलं. पण वापरून संपलेल्या सेलचा आमच्याकडे एक अख्खा डबा भरला होता आणि तो कुठे टाकायचा हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी सगळीकडे रिचार्जेबल घातले. भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, दाराची बिनवायरची बेल, टॉर्च. आणि बाबांचं मशीन.

माझी मैत्रीण म्हणते, डायरी लिहिताना कुणाशी तरी बोलतोय असं समजावं, नाहीतर आठवड्यात कंटाळा येतो. म्हणून मी 'तुम्ही' म्हणणार. तुम्ही जे कोणी असाल ते.

तर तुम्हाला बाबांचं काम आधी सांगायला हवं. बाबा पाणी खात्यात 'ऐकणारे' आहेत. पदाचं खरं नाव लांबलचक आहे, पण सगळे ऐकणारेच म्हणतात. रस्त्याखाली पाइप फुटला की पाणी बारीक सुस्कारे टाकतं. बाबांच्या गळ्यात एक डबा असतो, कानाला हेडफोन आणि हातात वायरने जोडलेला जड धातूचा पाय. तो पाय रस्त्यावर ठेवत ठेवत ते पुढे जातात आणि आवाज जिथे सगळ्यात मोठा, तिथे खडूने फुली मारतात. मग मुकादमकाका आणि त्यांची माणसं तिथे खणतात. पाणी लागलं तर ठीक. नाही लागलं तर त्याला 'कोरडा खड्डा' म्हणतात, आणि त्यावरून खात्यात वर्षभर टोमणे चालतात. बाबांचा कोरडा खड्डा मला तरी आठवत नाही.

त्या डब्यात सहा पेन्सिल सेल लागतात. मी खात्याच्या इंजिनिअर मॅडमना भेटून, आकडेवारी दाखवून, एका मशीनपुरती परवानगी काढली. महिनाभर नीट चाललं तर खात्याच्या सगळ्या मशीनमध्ये माझे सेल. कॉलेज संपल्यापासून मला पहिल्यांदा कुणीतरी होय म्हटलंय.

आणि आज पहिल्याच आठवड्यात बाबा डबा टेबलावर आपटून म्हणाले, "तुझे सेल आत जातात, बाहेर येत नाहीत. जावयासारखे."

खरंच येत नव्हते. मी स्वयंपाकघरातली सुरी लावली, स्वेटरची सुई लावली. शेवटी डबा उलटा करून बुडावर थापट्या मारल्या, तेव्हा एक निघाला. बाकीचे पाच तसेच.

गुरुवार, ६ तारीख

कॅलिपरने मोजलं. रिचार्जेबल साध्या सेलपेक्षा किंचित जाड आहेत. अगदी किंचित. पण मशीनच्या खाचा साध्या सेलच्या मापाने पाडलेल्या, त्यामुळे हे आत फसतात. चार्ज करून गरम असताना घातले तर आणखीनच.

मला वाटलं, सेलवरचं प्लॅस्टिकचं कव्हर सोललं की तेवढीच जाडी कमी होईल. एक सोलला. दिसायला छान दिसत होता. मग तो टेबलावरच्या चमच्यांमध्ये घरंगळला, चटकन ठिणगी पडली आणि आईच्या टेबलक्लॉथला भोक पडलं. नंतर वाचलं की ते कव्हर शोभेचं नसतं, सेलचं अख्खं अंग वीज वाहतं म्हणून घातलेलं असतं. हे आधी वाचायला हवं होतं. आईने भोकावर फळांची परडी ठेवली.

मग पॉलिश पेपरने खाचांच्या कडा घासल्या. थोडा फरक पडला.

शुक्रवार, ७ तारीख

सुटलं. कसं सुटलं बघा. आईच्या शिवणाच्या डब्यातली निळी फीत घेतली, सेलच्या खालून घातली आणि टोक बाहेर ठेवलं. टोक ओढलं की सेल एकामागून एक टपाटप उड्या मारत बाहेर. बाबांना करून दाखवलं. त्यांनी तीनदा ओढून बघितलं, हसले आणि म्हणाले, इंजिनिअरबाई, हे तर गाढवालाही जमेल. आईने फीत कापून दिली खरी, पण उरलेली फीत मोजून परत डब्यात ठेवली. तिच्या डब्यातून फीत काढणं म्हणजे तिच्या ताटातून घास काढणं.

सोमवार, १० तारीख

घरात एकेक विचित्र होतंय.

सकाळी बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, तुझ्या सेलने घड्याळ बंद पडलं. मी बघितलं तर काटा चालू होता, वेळ बरोबर होती. बाबा म्हणाले, मग टिकटिक कुठे गेली? मला टिकटिक येत होती. पण विचार केला तर असू शकतं. साधा सेल दीड व्होल्टचा असतो आणि रिचार्जेबल त्याहून थोडा कमी, तेव्हा घड्याळही हळू आवाजात चालत असेल.

रिमोटचंही काहीतरी झालंय. टीव्हीचा आवाज आपोआप वाढत जातो. मी कमी करून आत गेले की परत वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतका. बहुतेक आतले सेल टाइट बसल्यामुळे बटण दाबलेलंच राहतंय.

आणि संध्याकाळी मी किल्ली विसरले होते, तर बेल दाबून दाबून अंगठा दुखला. बाबा आतच होते, दारापासून हाताच्या अंतरावर खुर्चीत. आई भाजी घेऊन आली तेव्हा दार उघडलं. म्हणजे बेलही कमी व्होल्टवर रुसली. मी आईला तसं सांगितलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, टेबलक्लॉथचा विषय आता निघणार. पण ती म्हणाली, "हो, तसंच असेल. सेलच असतील."

बुधवार, १२ तारीख

कोरडा खड्डा.

बँकेसमोर बाबांनी फुली मारली, मुकादमकाकांनी कमरेइतकं खणलं आणि आत नुसती माती. पाणी दुसऱ्या दिवशी पलीकडच्या फुटपाथवर आपणहून वर आलं. मला काकांकडूनच कळलं, कारण ते चहाला आले होते. ते आणि बाबा जवळजवळ एकाच वेळी खात्यात लागले. काका बोलत असले की त्यांच्या मिशीला चहा लागतो आणि ते तो तिथेच ठेवतात. ते म्हणाले, खड्डा वाया नाही गेला, बँकेच्या मॅनेजरला आम्ही खजिना शोधतोय असं वाटलं. आई हसली, मी हसले. बाबा आम्हाला हसताना बघून मग हसले.

नंतर काकांनी खात्यातल्या गप्पा सांगितल्या. बाबांच्या बरोबरीचा दुसरा ऐकणारा, त्याला मॅडमनी मागे कान तपासायला पाठवलं होतं. आता तो गोदामात जुनी मीटर पुसत बसतो. सकाळी जातो, संध्याकाळी येतो, कोणाशी बोलत नाही, म्हणे. आईने मध्येच काकांना आणखी चहा हवा का विचारलं. त्यांचा कप भरलेलाच होता.

काका गेल्यावर बाबा म्हणाले की मशीनमध्ये आवाजच येत नाही, तुझ्या सेलमध्ये दम नाही. मी मशीन तपासायला घेतलं. हेडफोन लावून धातूचा पाय नुसता फरशीवर टेकवला, तर माझे कान फुटायचे राहिले. आवाजाचा नॉब पार शेवटपर्यंत फिरवलेला होता. आता हे मला कळत नाही. सेलमध्ये दम नसेल तर एवढा आवाज कसा? आणि दम असेल तर खड्डा कोरडा कसा?

शनिवार, १५ तारीख

काल दुसरा कोरडा खड्डा. या वेळी शाळेच्या फाटकासमोर. मुलं मधल्या सुट्टीत त्याच्या कडेला उभी राहून आत खडे टाकत होती.

मॅडमनी मला फोन केला. रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं की सेल बदलल्यापासूनच हे सुरू झालंय का. मी म्हटलं, तारखांवरून तसं दिसतं. तसं दिसतंच ना?

मी आज एक प्रयोग केला. दाराच्या बेलमधले माझे सेल काढून साधे, कोरे सेल घातले. बाहेर जाऊन बेल दाबली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. परत दाबली. त्यांनी परत पान उलटलं.

म्हणजे बेलच बिघडलीये. पण मग शेजारच्या काकूंनी त्यांचं दार उघडून कोण आहे म्हणून का विचारलं?

मंगळवार, १८ तारीख

आजचं सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझा गोंधळ आणखी वाढेल.

बेकरीच्या तळघरात दोन दिवस पाणी शिरतंय. पिठाची पोती वर उचलून ठेवलीत. बेकरीवाला रस्त्यात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की पाव विकू की मासे पाळू. मॅडम स्वतः आल्या होत्या. तिसराही खड्डा कोरडा निघाला तर काय, हे कोणी बोललं नाही, पण सगळे तसेच उभे होते. मी पण गेले. माझ्या सेलवर नाव येत होतं, म्हणून चार्ज केलेले ताजे सहा सेल खिशात घेऊन गेले.

बाबांनी डबा गळ्यात घातला, हेडफोन लावले, दोन पावलं चालले आणि थांबले. मग डबा काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, सेल मेलेत आणि नवीन घालायला जुने निघत नाहीत, परत अडकलेत. मी म्हटलं, फीत ओढा ना बाबा. ते म्हणाले, फीत आत गेली. मी झाकण उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, राहू दे, वेळ नाही.

आणि त्यांनी मुकादमकाकांना हाक मारली. "काठी आहे का रे गाडीत?"

काका एक क्षण त्यांच्याकडे बघत राहिले. मग गाडीतून एक लांब लोखंडी कांब काढून आणली. मशीन नव्हती तेव्हा सगळे हिनेच ऐकायचे. एक टोक रस्त्यावर किंवा पाइपच्या झाकणावर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला लाकडाची वाटी असते, तिला कान लावायचा. काकांनी लोकांना मागे हटवलं. बेकरीवाल्यालाही गप्प केलं, जे सोपं नव्हतं.

पण बाबांनी कान लावलाच नाही. त्यांनी कांब रोवली, वाकले आणि लाकडाची कड दातांत धरली. कुत्र्याने हाडूक धरावं तशी. डोळे मिटले. सगळा रस्ता त्यांच्याकडे बघत होता आणि मला, खरं सांगते, लाज वाटली. मॅडम काहीतरी विचारणार होत्या, पण काकाच मध्ये बोलले की जुन्या लोकांची अशीच पद्धत होती, बाई. मी काकांना इतकी वर्षं ओळखते, अशी पद्धत मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

बाबा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेले. परत दात. परत डोळे. एकदा मागे आले. मग खिशातून खडू काढला आणि बेकरीच्या पायरीजवळ नाही, कोणाला वाटत होतं तिथे नाही, तर समोर न्हाव्याच्या दुकानापुढे फुली मारली. न्हावी म्हणाला, माझ्याकडे तर एक थेंब नाही. बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

गुडघाभर खणलं आणि पाणी उसळलं. मुकादमकाकांच्या मिशीपर्यंत.

बेकरीवाल्याने बाबांना मिठी मारली. बाबांचा चेहरा असा झाला होता, जसा माझ्या दहावीच्या निकालाला झाला होता. ओठातून थोडं रक्त येत होतं.

बुधवार, १९ तारीख

काल रात्री दमून झोपले. आज सकाळी मशीन उघडलं.

सेल मेले नव्हते. एकेक मोजला, सगळे जवळजवळ भरलेले. आणि निळी फीत आत गेली नव्हती. ती कापलेली होती. खाचेच्या अगदी कडेला, सरळ, कात्रीने.

मी आईला विचारलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, लोंबत होती, घाणेरडी दिसत होती, म्हणून मी कापली. मी म्हटलं, आई, लोंबण्यासाठीच तर होती ती. आई म्हणाली, मला काय कळतंय तुमच्या मशीनमधलं.

माझी आई बोटभर फीत मोजून परत ठेवते. आणि मशीनमधलं तिला कळत नाही हे मान्य, पण फीत कशासाठी आहे ते तिच्याच समोर मी तीनदा दाखवलं होतं.

दुपारी काका कांब न्यायला आले, कारण बाबांनी ती घरी आणली होती. ती द्यायच्या आधी मी मागच्या अंगणात गेले. नळ बारीक सोडला आणि कांबेचं टोक नळाच्या पाइपवर टेकवलं. दोन्ही कानांत कापूस घातला, वरून बोटं घातली आणि लाकडाची कड दातांत धरली. नळाचा आवाज आला. कानातून नाही, डोक्याच्या आतून, हाडातून. स्वच्छ. कान पूर्ण बंद असताना.

मला खूप मजा वाटली. मी ते कोणाला तरी सांगायला वळले. आणि मग मजा वाटेनाशी झाली. नळ बंद केला.

काका दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही. त्यांनी कांब घेतली आणि म्हणाले, "शहाणी आहेस. थोडी कमी शहाणी राहा."

गुरुवार, २० तारीख

मॅडमनी बोलावलं होतं. सरळ बोलतात त्या. म्हणाल्या की मशीन लावून दोन खड्डे कोरडे गेले आणि मशीन काढल्यावर एका फुलीत पाणी लागलं. तेव्हा उद्या मशीन त्यांच्या टेबलावर ठेवून मी सांगायचं, सेल नीट बसतात का, निघतात का, पूर्ण ताकद देतात का. सेल वाईट असतील तर जुने सेल परत घालायचे आणि विषय संपला. "पण सेल चांगले असतील," त्या म्हणाल्या, "तर मला दुसरीकडे शोधावं लागेल." मी म्हटलं, दुसरीकडे म्हणजे? त्या म्हणाल्या, ते तू माझ्यावर सोड.

माझे सेल चांगले आहेत. हे मला छातीठोकपणे सिद्ध करता येतं. फीत परत घातली की एका बोटाने निघतात. तेवढं सांगितलं तर खात्याच्या सगळ्या मशीनमध्ये ते जातील. मी यासाठी किती दारं ठोठावली ते तुम्हाला माहीत नाही.

संध्याकाळी बाबा खिडकीपाशी बाहेर बघत उभे होते. मी मागून म्हटलं, "बाबा, सेल चांगले होते ना?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, रागावलेत. परत विचारलं. मग काचेत त्यांना मी दिसले असेन, कारण ते दचकून वळले. "काही म्हणालीस?"

मी मोठ्याने बोलले. का ते माहीत नाही, पण त्यांच्या समोर जाऊन, तोंड दिसेल असं बोलले. मॅडमनी काय विचारलंय ते सगळं सांगितलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग खुर्चीत बसले आणि ओठावरची खपली चाचपत म्हणाले, "सेलवर ढकल, पोरी. सेलला घरदार नसतं."

आई दारात उभी होती. हातात शिवणाचा डबा. तिने नुसती मान हलवली. होकार होता की कसली मान होती, मला नाही कळलं.

तेव्हापासून मी विचार करतेय. घड्याळ, रिमोट, बेल, नॉब, खड्डे, कापलेली फीत. या सगळ्यांच्या मापाचं एक उत्तर आहे माझ्याकडे. पण ते इतकं टाइट बसतं की एकदा आत घातलं तर परत काढता येणार नाही. म्हणून मी ते अजून घातलेलं नाही. इथे पण लिहीत नाहीये, बघताय ना.

आणि परवा फुली तर बरोबर होती. सगळ्या रस्त्यात एकट्या बाबांनाच ते पाणी सापडलं. हे कुठल्या खात्यात धरायचं?

मशीन समोर टेबलावर आहे, फळांच्या परडीशेजारी. निळ्या फितीचा एक नवीन तुकडा आत्ता कोणीतरी त्याच्यावर ठेवून गेलंय. कात्रीही ठेवलीये बाजूला, आधीची फीत कापली तीच. सकाळी मला यातलं एक उचलायचंय.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय उचललं असतं?